वाऱ्याच्या गाडीत केलेल्या सुधारणा

४ जानेवारी, रविवार. सकाळी ६.१०

नवी डायरी. पहिले तीन दिवस सर्दीत गेले, ते धरायचे नाहीत. वर्ष आजपासून सुरू.

फौजेतून पेन्शनवर येऊन दोन वर्षं झाली. अठ्ठावीस वर्षं सर्व्हिस, सगळी गाड्यांच्या वर्कशॉपात. आष्ट्यात माझ्याइतकं गाड्यांचं ज्ञान असलेला दुसरा माणूस नाही, पण हे मी बोलून दाखवत नाही. लोकांना आपोआप कळायला पाहिजे. अजून कळलेलं नाही.

घरचा ऊस, पाण्याची पाळी, तोडणी सगळं विजयमाला बघते. मी आल्यापासून तिला पूर्ण मोकळीक दिली आहे. मागच्या महिन्यात मळ्यात जाऊन पाटाचं पाणी कसं वळवायचं ते तिला नीट समजावलं. ती म्हणाली, "आवं, तुमी जरा सावलीत बसा." बायको काळजी घेणारी मिळाली.

संकल्प: रोज पहाटे पीटी. दुपारी झोपायचं नाही. आणि या वर्षी काहीतरी मोठं करायचं.

दुपारी ३.४०

जरा डोळा लागला होता. उठून मोबाइल चाळताना तिसऱ्या संकल्पाचं काम झालं. जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत एक गाडी दिसली. काइट बग्गी. तीन चाकं, जमिनीला टेकेल इतकी खाली सीट, इंजिन नाही. समोर आकाशात मोठा कापडी पतंग, त्याच्या दोऱ्या माणसाच्या हातात. वारा पतंगाला ओढतो, पतंग गाडीला. परदेशात समुद्राच्या वाळूवर पळवतात. माणूस नुसता बसून असतो.

कुणीतरी माझा विचार करून काहीतरी बनवलंय, असं पहिल्यांदाच वाटलं.

गाडी रहिमतपुरात आहे.

११ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७

गाडी आणली. मारुतीच्या टपावर बांधून.

मालक ऋषिराज. पस्तिशीचा, कंप्युटरवाला. चार वर्षं हॉलंडात होता, तिथून आणलेली. आता जुळी मुलं झालीत आणि गाडी जिन्याखाली पडून होती. तिच्यावर कांदे वाळत घातले होते. मी भाव करायच्या आतच त्यानं किंमत उतरवली. माझ्या बोलण्याचा एक वजनदारपणा आहे.

त्यानं अर्धा तास माहिती दिली. पुढचं चाक पायांनी वळवायचं. पतंगाच्या मुठी हातात धरायच्या. गडबड झाली की मुठी सोडून द्यायच्या, पतंग आपोआप खाली येतो. चाकं जाड आणि मऊ आहेत ती वाळूत रुतू नयेत म्हणून. आणि वजन फक्त चोवीस किलो, ते वाढवायचं नाही. मी मान हलवत होतो, पण लक्ष सांध्यांकडे होतं. वेल्डिंग फारच नाजूक.

त्याची बायको संयोगिता चहा घेऊन आली आणि दोनदा विचारून गेली, "नक्की नेताय ना?" निघताना ऋषिराज म्हणाला, "काका, काही अडलं तर केव्हाही फोन करा. फक्त गाडी परत आणू नका." हसत म्हणाला. डोळे हसत नव्हते.

१२ जानेवारी, सोमवार

अंग दुखतंय. पीटी नाही.

विजयमालाला वारा, पतंग, समुद्र सगळं समजावून सांगितलं. तिनं कणीक मळता मळता ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् परत येताना?"

प्रश्न तांत्रिक आहे. उद्या उत्तर देईन.

१६ जानेवारी, शुक्रवार

उत्तर मिळालं नाही. पण मुळात प्रश्नच चुकीचा आहे. आधी पुढं तरी जाऊ दे.

१९ जानेवारी, सोमवार

गाडीची फौजी पद्धतीनं तपासणी केली. नळ्या करंगळीएवढ्या. चाकं फुग्यासारखी, बोटानं दाबली जातात. ब्रेक नाही, हॉर्न नाही, मडगार्ड नाही. आणि वळवायची पायानं! पायानं शिलाई मशीन चालवतात. गाडी हातानंच चालवली पाहिजे.

आप्पासोच्या शेडवर नेली. आप्पासो उसाच्या ट्रॉल्या बनवतो. त्यानं गाडी एका हातानं उचलली, फिरवून बघितली आणि खाली ठेवली. म्हणाला, "सुभेदार, ही काय गाडी हाय व्हय? वाऱ्यानं उडून जाईल की."

मी म्हटलं, नेमका तोच दोष काढायचा आहे. आमचं लगेच जमलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

हंगाम चालू आहे. आप्पासोकडे ट्रॉल्यांची रांग लागली आहे. माझी गाडी मागं पत्र्याला टेकून उभी. रोज जाऊन बाकावर बसतो. बाकावर दुपारी झोप लागते, पण ती वाट बघण्यातली झोप आहे. संकल्पात येत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगाडा तयार! बारीक नळ्या काढून ट्रॉलीचा जाड लोखंडी चॅनल लावला. दहा टन ऊस सहज सोसतो तो चॅनल, म्हणजे मला सोसायला हरकत नाही. फुग्याची चाकं काढून भंगारातली मोपेडची चाकं बसवली. बारीक आहेत पण कडक. दगडावरून गेली तरी हूं की चूं नाही.

जुनी चाकं घरी आणली. एकावर विजयमालानं घागर ठेवली. चांगली बसते.

२२ फेब्रुवारी, रविवार

मुलीचा, उत्कर्षाचा मिरजेहून फोन. तिथं फिजिओथेरपी शिकते. मी पाठवलेला परदेशी बग्गीचा व्हिडिओ आणि आपल्या हँडलचा फोटो बघून म्हणाली, "बाबा, त्या व्हिडिओत माणूस पायानं वळवतोय. हात दोन्ही पतंगाला लागतात." तिला म्हटलं, अभ्यासाकडे लक्ष दे.

फोन ठेवल्यावर शेडवर गेलो आणि सीटवर बसून बघितलं. हँडलला दोन हात. पतंगाला दोन हात. एकूण चार.

मार्ग निघेल.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

निघाला. दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला बांधायच्या. माझा जुना फौजी पट्टा आहे, दोन माणसांचं वजन घेतो. पतंग कमरेला, हात हँडलला. एवढं साधं हॉलंडात कुणाला सुचलं नाही.

ऋषिराजला फोन करून सांगितलं. त्यानं तीन वेळा विचारलं, "कमरेला?" मला वाटलं लाइन खराब आहे. मग म्हणाला, "काका, तसं करू नका. सुटता येणार नाही."

या पिढीला सुटायची फार घाई.

१० मार्च, मंगळवार

जुन्या जीपची स्प्रिंगवाली सीट. मडगार्ड तीन. हॉर्न, त्याला बॅटरी. हातब्रेक. मागं लाल रिफ्लेक्टर. ऑलिव्ह ग्रीन रंग. एका नळीवर वजनाचं स्टिकर उरलं होतं, त्यावरूनही रंग मारला.

भंगारवाल्याच्या काट्यावर वजन केलं. एकशे अठरा किलो. काट्यावर चढवायला चौघं लागले.

वजन म्हणजे स्थैर्य.

११ मार्च, बुधवार

थकलो.

१२ मार्च, गुरुवार

अजून थकलेलोच. गाडीमुळे नाही. हवा बदलते आहे.

२९ मार्च, रविवार

गाडी दारात आणून ठेवली. लोक थांबून बघतात. शेजारच्या बयाबाईंनी विचारलं, घरात कुणाचा पाय मोडलाय का. नवीन गोष्ट समजायला गावाला वेळ लागतो.

संध्याकाळी तिच्यात बसून हॉर्न वाजवला. विजयमाला मळ्यातून येत होती, डोक्यावर वैरणीचा भारा. बाजूनं गेली. उठून भारा घ्यावा असं मनात आलं होतं, पण सीट खोल आहे, उठायला वेळ लागतो. तोवर ती आत गेली.

संकल्प: उठण्याचा सराव.

५ एप्रिल, रविवार. जत

चाचणीचा दिवस. ऐतिहासिक. सविस्तर लिहितो.

तानाजी माझा फौजेतला दोस्त. पंधरा वर्षं एका बराकीत काढली. जतकडचा, मेंढरांच्या घरातला. पेन्शनवर आल्यावर परत मेंढरं घेतली. त्याच्या वस्तीमागं नुसता उघडा माळ आहे, दुपारनंतर वारा असा की टोपी टिकत नाही. तो पहाटेच त्याचा पिकअप घेऊन आष्ट्याला आला आणि गाडी घेऊन गेलो. वस्तीवर पाण्याचा टँकर आला होता म्हणून त्याची बायको भामाबाई घागरी घेऊन रांगेत. आल्या आल्या पहिल्यांदा तिनं मला पाणी दिलं.

तानाजीनं गाडीभोवती दोन चकरा मारल्या. म्हणाला, "नाथा, ही कुणी बनवली?" मी म्हटलं, डिझाइन माझं. वर्कशॉपचा अनुभव. तर म्हणाला, "गड्या, तू स्टोअरच्या काउंटरवर होतास. नटबोल्ट द्यायचा आन् सही घ्यायचा." काउंटर वर्कशॉपातच होता.

साडेचारला पतंग उडवला. पाच मीटरचा लालपिवळा पतंग. पहिल्या सहा वेळा जमिनीवर आपटला, सातव्यांदा चढला. कमरेला असा हिसका बसला की दुपारची भाकरी वर आली. आणि गाडी हलली! आधी हळू, मग जोरात, मग फारच जोरात. कानात वारा. डोळ्यांतून पाणी. मी ओरडत होतो असं तानाजी म्हणतो. मला तर मी हसत होतो असं आठवतंय. साधारण दोनशे पावलं पळाली.

तानाजी म्हणतो तिथं उतार होता. उताराचाही थोडा वाटा असेल.

पुढं मेंढरं होती. मी हॉर्न वाजवला. हॉर्न उत्तम वाजला. मेंढरं दचकली, त्यातच वारा पडला आणि एवढा मोठा पतंग त्यांच्या अंगावर येऊन पसरला. कळप फुटला. पाच-सहा मेंढ्या खालच्या चरीत पडल्या. एकीचा पुढचा पाय मोडला. गाभण होती.

तानाजी धावत गेला, तिला उचलून छपराखाली घेऊन बसला. मी पट्टा सोडवत होतो, बक्कल जाम झालं होतं, त्यामुळे मदतीला जाता आलं नाही. नंतर गेलो तेव्हा भामाबाई तिच्या पायाला कामट्या बांधत होती. मी म्हटलं, हे हॉर्नमुळे नाही, रंगामुळे झालं असणार, मेंढरांना लाल चालत नाही. भामाबाईनं गाठ आणखी आवळली.

परत येताना तानाजी गप्प होता. माझ्या गाडीनं भारावला असावा.

चाचणी: यशस्वी.

९ एप्रिल, गुरुवार

तानाजी फोन उचलत नाही. जतकडे रेंजचा प्रॉब्लेम असतो.

११ एप्रिल, शनिवार

आज चार वेळा लावला. रिंग पूर्ण जाते. रेंजचाच प्रॉब्लेम.

१३ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी

विजयमाला सकाळच्या एसटीनं जतला गेली होती. पिशवीत गूळ, घरच्या शेवया आणि भामाबाईसाठी साडी. मी म्हटलं, मी येऊ का. म्हणाली, "नगं. तुमी आला की बोलणं व्हत न्हाई." बायकांच्या गप्पा, मी मधे काय करणार.

सातला आली. पाय धुतले आणि उंबऱ्यावर बसून म्हणाली, ती मेंढी गेली. पोटातल्यासकट.

उन्हाळा आहे. उन्हाळ्यात मेंढ्या मरतात.

जेवण गेलं नाही. पित्त झालं असावं.

१४ एप्रिल, मंगळवार

पित्त.

१९ एप्रिल, रविवार

शांत डोक्यानं विचार केला. दोष गाडीत नाही, जागेत होता. गाडी वाळूसाठी आहे आणि आपण तिला माळावर नेली. समुद्रावर मेंढरं नसतात. समुद्रावर जायचं.

एक सुधारणा आवश्यक. माळावर पतंगानं दोनदा मला सीटवरून उचललं होतं. म्हणून सीटला जीपचा पट्टा लावून घेतला. आता मी सीटला बांधलेला, पतंग मला बांधलेला. आप्पासो म्हणाला, "आता काय बी झालं तरी तुमी गाडी सोडत न्हाई." हीच तर खात्री हवी होती.

३ मे, रविवार

विजयमालाला सांगितलं, शनिवारी कोकणात, रत्नागिरीच्या बाजूला एका किनाऱ्यावर जायचं ठरलंय. मला वाटलं नाही म्हणेल. तिनं जरा वेळ माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "मी बी येते. एकट्याला सोडायची न्हाई." तिलाही आता गोडी लागली.

गाडी न्यायला पिकअप पाहिजे. तानाजीला फोन केला, लागला नाही. विजयमालानं तिच्या फोनवरून केला, पहिल्या रिंगला उचलला. तिचं सिमकार्ड वेगळ्या कंपनीचं आहे.

ती बाहेर जाऊन बराच वेळ बोलली. आत येऊन म्हणाली, येतो म्हणालाय. मला माहीतच होतं. एकदा वाऱ्याची गाडी बघितलेला माणूस लांब राहू शकत नाही.

८ मे, शुक्रवार

सगळी तयारी झाली. पीटी आज करणार होतो, पण उद्यासाठी ताकद राखून ठेवली. जानेवारीपासून तीच राखतो आहे.

९ मे, शनिवार. सकाळी ८.१०

निघतोय. तानाजी आला. "राम राम" म्हणाला विजयमालाला. मला मान हलवली.

१० मे, रविवार. सकाळी ८. कोकण

डावा खांदा निखळला होता. इथल्या डॉक्टरांनी काल बसवला. उजवा हात ठीक आहे, म्हणून लिहून ठेवतो. नंतर लोक वेगवेगळं सांगतात.

काल दुपारी अडीचला पोचलो. किनारा लांबलचक, मोकळा. वारा समुद्राकडून एकसारखा. पाणी बरंच मागं गेलेलं. विजयमालानं चपला हातात घेतल्या आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, समुद्र नंतर, आधी गाडी.

गाडी उतरवायला सहा जण लागले. मी आणि तानाजी सोडून. कोळी लोक जाळी दुरुस्त करत बसले होते, ते आले. एकानं विचारलं, यात काय भरलंय. मी म्हटलं, काही नाही, रिकामीच आहे. त्यांनी एकमेकांकडे बघितलं.

वाळूवर ठेवताच चाकं चार बोटं आत गेली. मी बसल्यावर वीतभर. मी म्हटलं, वेग आला की वर येईल. विमानाचंही तसंच असतं.

सीटचा पट्टा लावला. कमरेचा लावला. तानाजीनं पतंग लांब नेऊन धरला आणि सोडला. पहिल्याच वेळेला चढला. काय चढला! निळ्या आकाशात लालपिवळा, ताठ, एकही सुरकुती नाही. कोळी लोकांनीसुद्धा जाळी खाली ठेवली. दोऱ्या ताणल्या. मी हँडल धरलं.

गाडी हलली नाही.

वारा वाढला. पतंगाला मी यायला हवा होतो. गाडीला मी राहायला हवा होतो. दोघंही मजबूत. आप्पासोचं काम आणि हॉलंडचं कापड, दोन्हींत काही खोट नव्हती. मधे मी होतो. कमरेतून असा काही आवाज आला, जो मी सर्व्हिसमध्ये कधी ऐकला नव्हता. पुढचं चाक हळूहळू वाळूत पुरलं जात होतं. मी हॉर्न वाजवला. का वाजवला ते सांगता येत नाही.

एक हात सोडून पतंगाची दोरी खाली ओढावी म्हणून डावा हात वर केला. दोरीनं तो घेतला. खांद्यात पांढरं काहीतरी चमकलं.

मग तानाजी दिसला. पन्नाशीचा माणूस वाळूतून पळत येत होता, तोंड उघडं, धोतर सुटलेलं. त्यानं माझ्या अंगावर उडी घेतली आणि छातीनं मला सीटवर दाबून धरलं. ओरडत होता, "बक्कल सोड रं! बक्कल!" बक्कल जाम होतं. त्याच्या खिशात मेंढरांचे खूर तासायचा चाकू असतो. त्यानं दोऱ्या कापल्या.

पतंग एकदम मोकळा झाला. गिरक्या घेत किनाऱ्यावरून, झाडांवरून, गावावरून आत निघून गेला. सगळ्यांनी मान वर करून बघितलं. मीसुद्धा. बग्गी त्याच्या मागं नव्हती म्हणून असेल, पण फार सुंदर गेला.

मला वाळूवर आडवं केलं. डॉक्टरला आणायला एक जण गेला. तानाजी माझ्या शेजारी बसून धापा टाकत होता.  थोड्या वेळानं मी म्हटलं, "मेंढीचं वाईट झालं."

तो म्हणाला, "व्हय."

आणखी काही म्हणायला पाहिजे होतं. रंगाचं, उताराचं, असं बरंच तोंडाशी आलं. ते म्हटलं नाही. म्हटलं, "माझ्यामुळं झालं."

तानाजी समुद्राकडे बघत राहिला. मग त्यानं माझी निघालेली चप्पल शोधली, त्यातली वाळू झाडली आणि माझ्या पायात घातली.

विजयमाला आली. मला वाटलं ओरडेल. ती माझ्या उशाशी बसली, पदरानं माझ्या तोंडावरची वाळू पुसली.  हळू म्हणाली, "तेवीस वर्सं एकटीनं काढली. म्हटलं, आता दोघं मिळून काढू. तर तुमी जाऊन पतंगाला बांधून घेतलं."

मी म्हटलं, मला घरात काम नव्हतं.

"काम लय हाय," ती म्हणाली. "तुमी शिकवायला येता. कराया येत न्हाई."

याला माझ्याकडे उत्तर होतं. पण खांदा दुखत होता.

पाणी चढायला लागलं. कोळी लोकांनी गाडी ओढायचा प्रयत्न केला. दोर बांधला, आठ जण लागले, दोर तुटला. पाणी चाकांना लागलं, मग सीटला. लाट आली की बॅटरीतून बुडबुडे यायचे. तिघं बसून बघत होतो. विजयमाला म्हणाली, "बुडू द्या आता."  अंधार पडायच्या आत हँडलही दिसेनासं झालं.

दुपारी १२.१५

पाणी ओसरल्यावर बघायला गेलो. गाडी जागची तसूभर हललेली नाही. निम्मी वाळूत. रंगसुद्धा टिकला आहे.

कालचा म्हातारा कोळी आला. बराच वेळ इकडंतिकडं बोलला, मासळी, वारा, डिझेल. मग संकोचानं म्हणाला, तुम्ही हे नेणार नसाल तर इथंच राहू द्या. होडी बांधायला असं वजन ते दोन वर्षं शोधतायत. त्यांचा लोखंडी नांगर पावसाळ्यात सरकतो. हे सरकायचं नाही.

मी गाडीकडे बघितलं. तिच्यात मी काय काय केलं ते त्याला सांगावं असं वाटलं. चॅनल, हँडल, सीट. त्याला घाई होती, भरती यायच्या आत दोर बांधायचा होता.

मी म्हटलं, बांधा.

त्यानं तिथल्या तिथं हँडलला गाठ मारली, दोनदा ओढून बघितली आणि समाधानानं मान हलवली. चार महिन्यांत गाडीकडे बघून अशी मान हलवणारा तो पहिलाच माणूस.

रात्री ८. आष्टा

घरी पोचलो. आज संकल्प काही नाही.

आंबा घाटात तिघं पुढं बसलो होतो. विजयमाला खिडकीशी, तानाजी चालवायला, मी मधे, हात गळ्यात बांधलेला. गिअर टाकताना तानाजी दर वेळी माझा गुडघा बाजूला सारायचा. ती दोघं माझ्यावरून बोलत होती. यंदा पाऊस कधी लागेल, भामाबाईचे दात, मेंढरं पावसाळ्यात खतासाठी आमच्या फडात बसवायची का. ऊस तुटल्यावर बसवायची, असं ठरलं. मी होतो म्हणून दोघांना जरा वाकून बोलावं लागत होतं.

मला कुणी काही विचारलं नाही. साखरप्याच्या पुढं कधीतरी मला झोप लागली. मलकापूरला जाग आली तेव्हा डोकं विजयमालाच्या खांद्यावर होतं आणि तिच्या पदराला माझी लाळ लागली होती. तिनं पदर ओढून घेतला नाही. मी पण डोकं काढलं नाही.